तसं काही अडत नाही

आमच्या साहेबांइतकी दुसऱ्यांची स्वयंपाकघरं पुण्यातल्या एखाद्या नावाजलेल्या आचाऱ्यानेसुद्धा पाहिली नसतील, आणि इतकी पाहूनही कुठल्या शेगडीवर काय शिजतंय याकडे त्यांचं एकदाही लक्ष गेलं नाही. त्यांचं लक्ष असायचं चिंध्यांकडे. कढईच्या कानाला गुंडाळलेली चिंधी, गळक्या नळाला बांधलेली चिंधी, पोळपाट सरकू नये म्हणून त्याच्याखाली घातलेलं ओलं फडकं, कपाटाचं दार मिटून राहावं म्हणून फटीत खोचलेली पुठ्ठ्याची घडी, ही सगळी त्यांच्या लेखी हिरे-माणकं होती. "जिथे चिंधी, तिथे वस्तू," असं ते म्हणत. म्हणजे जिथे माणसाने काहीतरी बांधून, खोचून, टेकू लावून वेळ मारून नेली आहे, तिथे एक नवी वस्तू जन्माला यायची खोळंबली आहे. ती ओळखायची, तिचा नमुना करायचा, तो लोकांच्या हातात देऊन पाहायचा आणि पुन्हा करायचा. याच कामाचा त्यांना पगार होता. स्वयंपाकघरातल्या वस्तू बनवणाऱ्या एका कारखान्यात 'नवीन वस्तू विभाग' नावाची एक खोली होती. साहेब त्या खोलीचे प्रमुख आणि मी त्यांचा एकुलता एक सहायक.

मी त्या खोलीत लागलो तो एका नाडीमुळे. मी तालुक्याच्या गावचा. वडील तिथल्याच शाळेत शिपाई. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला, त्यामुळे माझी बी.एस्सी. माझ्या एकट्याची नव्हतीच, ती सगळ्या आळीची होती. मुलाखतीला निघालो तेव्हा प्रमाणपत्रांच्या फायलीचं बटण तुटलेलं होतं, म्हणून आईने तिला लेंग्याची नाडी बांधून दिली. साहेबांनी फाईल हातात घेतली, पण उघडली नाही. चष्मा कपाळावर सारून ते नाडीची गाठ बघत राहिले.

"ही कशाला?"

"बटण तुटलंय, साहेब. तसं काही अडत नाही."

साहेब खुर्चीतून उठले. "काय म्हणालात? पुन्हा म्हणा."

मला वाटलं, संपलं. तरी पुन्हा म्हणालो.

"'तसं' म्हणालात! नुसतं 'काही अडत नाही' असं नाही म्हणालात. बसा, बसा. चहा घेणार?"

मग चहा येईपर्यंत आणि चहा निवेपर्यंत त्यांनी मला त्यांचं सगळं शास्त्र सांगितलं. जो माणूस 'काही अडत नाही' म्हणतो त्याचं खरंच अडत नसतं, त्याच्या दारातून नमस्कार करून उठावं. पण जो 'तसं काही अडत नाही' म्हणतो त्याचं अडतंच. तो फक्त मन मारून चालवून घेत असतो. "आपला सगळा धंदा त्या 'तसं'मध्ये आहे," साहेब म्हणाले. "लोक ते इतक्या हळू म्हणतात की त्यांना स्वतःलासुद्धा ऐकू येत नाही. आपल्याला आलं पाहिजे." नोकरी मिळाली. वर्षभर उमेदवारी, मग काम पाहून कायम. नाडी मात्र त्यांनी नमुना म्हणून ठेवून घेतली. स्वारगेटला एस.टी. मिळेपर्यंत मी माझी प्रमाणपत्रं दोन्ही हातांनी छातीशी धरून उभा होतो. गावी आईला ही हकीगत नीट समजावून सांगणं मला बी.एस्सी.पेक्षा जड गेलं. शेवटी तिने एवढाच अर्थ काढला की पुण्यात लेंग्याच्या नाड्या मिळत नसाव्यात.

छापील प्रश्नावलीवर साहेबांचा फार राग. विक्री खात्याने एकदा तसला एक गठ्ठा आमच्याकडे पाठवला आणि मी उत्साहाने तो घेऊन शनिवार पेठेत गेलो. पहिल्याच दारात एक निवृत्त गृहस्थ भेटले. आपला कुकर कसा आहे? "उत्तम." आपला स्टोव्ह? "उत्तम." आपली गाळणी? "तीही उत्तम." शेवटचा प्रश्न होता, आपल्याला नवीन काय हवं आहे? ते म्हणाले, "जुनं दुरुस्त करून देणारा माणूस." आणि दार लावून घेतलं. मी खजील होऊन परत आलो, पण साहेब टेबलावर थाप मारून हसले. "एवढ्या गठ्ठ्यातलं हे एकच उत्तर खरं आहे, आणि ते लिहायला तुमच्या कागदावर जागाच नाही! अहो, पुणेकराला 'तुम्हाला काय हवंय' असं कधी विचारू नये. 'तुम्ही इथून जायला हवंय,' असं तो सांगतो. आपण आत शिरावं, पाणी मागावं आणि पाणी येईपर्यंत बघावं."

हे पाणी मागणं आणि बघणं साहेबांना कुठेही जमायचं आणि कुठेही नडायचं. लग्नाला गेले की ते पंगतीत बसण्याऐवजी मुदपाकखान्यात उभे, वाढपी जिलेबीचं ताट कसं तोलतात ते पाहत. एकदा ते माझ्यासमक्ष कुणाच्या तरी समाचाराला गेले होते. घरातली मंडळी डोळे पुसत होती आणि साहेब पाणी प्यायला म्हणून आत गेले ते परतच येईनात. जाऊन पाहिलं तर मोरीपाशी उकिडवे बसून नळाच्या चिंधीला किती वेढे आहेत ते मोजत होते. मंडईत तर कहर झाला. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असलेली बाई किल्ली कशी काढते हा त्या आठवड्यात त्यांचा अभ्यासाचा विषय होता. म्हणून ते एका बाईंच्या मागोमाग पार घरापर्यंत गेले, आणि मी त्यांच्या मागे. जिन्यात बाई गर्रकन वळल्या.

"काय हो, मगापासून बघतेय. काय पाहिजे?"

"तुमची पिशवी," साहेब खरं ते बोलले.

पुढचा अर्धा तास आम्ही त्या सोसायटीतल्या झाडून सगळ्या पुरुषांना नवीन वस्तू विभाग म्हणजे काय ते समजावत होतो. सुटका झाल्यावर रस्त्यात साहेब मला हळूच म्हणाले, "पाहिलंत का? किल्ली दातात धरली होती."

शनिवारी आमच्या खोलीत कल्पनांची बैठक भरायची. कारखान्यातल्या कुणीही यावं, मनात येईल ती कल्पना मांडावी. नियम एकच, दुसऱ्याच्या कल्पनेला कुणी 'पण' म्हणायचं नाही. जो 'पण' म्हणेल त्याने सगळ्यांना भजी द्यायची. साहेबांचं म्हणणं असं की नवी कल्पना म्हणजे तान्हं मूल, त्याला पहिल्याच दिवशी 'पण तुला चालता कुठे येतं?' असं विचारू नये. हिशेब खात्यातले एक गृहस्थ या बैठकीला न चुकता येत, प्रत्येक कल्पना मोडीत काढत आणि भजी मात्र फुकट खात, कारण ते 'परंतु' म्हणायचे. आम्ही तक्रार केली तर साहेब म्हणाले, "नियमात 'परंतु' नाही. शिवाय अशुद्ध बोलून वाचण्यापेक्षा माणूस शुद्ध बोलून वाचतोय, वाचू दे."

साहेबांचं घर म्हणजे आमच्या नमुन्यांची प्रयोगशाळा, आणि तिथे सगळं सोसणारं माणूस म्हणजे काकू. मला पुण्यात जवळचं कुणी नाही हे कळल्यावर काकूंनी मला गुरुवारी, म्हणजे आमच्या कारखान्याच्या सुटीच्या दिवशी, जेवायला बोलवायला सुरुवात केली ती कायमचीच. त्या घरात पातेल्याला पुठ्ठ्याचे कान होते आणि चहाच्या गाळणीला केसांचा चिमटा. काकू म्हणत, "लग्नाला इतकी वर्षं झाली. यांना चहा दिला की आधी कपाच्या कानाकडे बघतात, मग माझ्याकडे." साहेब म्हणत, "कपाचा कान बदलतो." "माझे तेच आहेत ना, तेच तर म्हणतेय," काकू म्हणत, आणि वर मला आणखी एक पोळी वाढत.

त्या घरातला एक संवाद मात्र दर गुरुवारी ठरलेला. काकू कुकर लावून देवापुढे किंवा गॅलरीत जात आणि तिथून हाक मारत, "अहो, किती झाल्या?" साहेब कुठल्यातरी चिंधीच्या विचारात असत. दचकून म्हणत, "तीन!" झालेल्या असत दोन, नाहीतर पाच. पण साहेबांच्या कानाला शिट्ट्या म्हणजे नेहमी तीनच. भात कधी कच्चा, कधी गिच्च, आणि वरणाचं तर बोलायलाच नको. काकू म्हणत, "असू दे. तसं काही अडत नाही." इतकी वर्षं गावभर 'तसं' शोधत हिंडणाऱ्या या माणसाला स्वतःच्या घरातलं 'तसं' ऐकू आलं ते एका गुरुवारी, करपलेल्या वरणाचा घास तोंडात असताना. त्यांनी घास तसाच ठेवून माझ्याकडे पाहिलं. माझ्याही ध्यानात आलं. शिट्ट्या मोजणारं यंत्र!

ते वेळेवरच सुचलं म्हणायचं, कारण आमच्या खोलीचे दिवस भरत आले होते. विभाग सुरू होऊन तीन वर्षं झाली होती. पुठ्ठ्याचे नमुने माळ्यापर्यंत पोचले होते, पण बाजारात एकही वस्तू गेलेली नव्हती. परदेशातून शिकून आलेल्या धाकट्या मालकांनी सरळच सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत विकण्याजोगी एक वस्तू दाखवा, नाहीतर खोलीला कुलूप. साहेब गोदामात जातील आणि माझी उमेदवारी तिथेच संपेल. गावी वडील पोस्टमनला रोज विचारत होते, 'मुलगा कायम झाला का, पत्र आलं का?' त्यामुळे ते यंत्र चालणं ही साहेबांच्या विभागाची जेवढी गरज होती तेवढीच माझीही.

आणि ते चाललं! कुकरच्या झाकणावर शिट्टीशेजारी बसेल अशी एक चिमुकली डबी. शिट्टी उचलली की डबीतली पातळ पट्टी हलायची, दातेरी चाक एक घर पुढे सरकायचं आणि आपण लावून ठेवलेला आकडा आला की टिणकन घंटी वाजायची. कारखान्यातल्या कामगारांनी तिचं नाव 'तलाठी' ठेवलं, कारण ती मोजणी करायची आणि मधूनमधून अडून बसायची. काकूंच्या घरी महिनाभर सुरेख भात झाला. मग आम्ही पुण्यातल्या वेगवेगळ्या पेठांमधल्या डझनभर घरांत तलाठी बसवून दिले. महिन्याने जाऊन विचारलं तर सगळीकडे एकच, "छान आहे हो, विकत कधी मिळणार?" मी मनातल्या मनात वडिलांना पत्र लिहायला घेतलं होतं.

शेवटचं घर नाना पेठेतलं. शमीमभाभींचं. त्यांच्या यजमानांचं कुलुपांचं दुकान होतं, आणि घरात त्यांच्या सासूबाई, ज्यांना सगळा मोहल्ला अम्मा म्हणत असे. अम्मांना काही वर्षांपासून दिसत नव्हतं. दिवसभर त्या बाजेवर बसून असत. तलाठी बसवायला गेलो तेव्हा त्यांच्यापुढे दोन वाट्या होत्या. कुकरची शिट्टी झाली की त्या एका वाटीतला चिंचोका दुसऱ्या वाटीत टाकत आणि पहिली वाटी रिकामी झाली की ओरडत, "अगं शमीम, उतरव! मटणाचा लगदा करतेस का?" साहेबांनी त्या चिंचोक्यांकडे चिंधीकडे पाहावं तसं प्रेमाने पाहिलं होतं. आता महिन्यानंतर वाट्या दिसल्या नाहीत.

"कसं काय, भाभी?"

"फर्स्ट क्लास, साहेब. आता अम्मांना त्रास नाही. घंटी वाजली की मीच बंद करते."

मी समाधानाने माझ्या कागदावर खूण केली. साहेब बाजेकडे वळले. अम्मा भिंतीकडे तोंड करून पडून होत्या.

"अम्मा, बरं आहे ना?"

"बरं आहे, बेटा," त्या तशाच म्हणाल्या. "आता माझ्यावाचून तसं काही अडत नाही."

साहेबांनी पाणी मागितलं. पाणी आलं, ते पिऊन त्यांनी पेला खाली ठेवला आणि ओट्यापाशी जाऊन तलाठी काढून खिशात घातला.

"काय झालं? बिघडलं का?" अम्मांनी आवाजावरून ओळखलं.

"हो, अम्मा. मधेच चुकतं ते. तुमच्याइतकं नेमकं नाही जमत त्याला."

अम्मा उठून बसल्या. "मी म्हटलंच होतं हिला. डब्बाच तो. शमीम, माझ्या वाट्या कुठे टाकल्यास गं?"

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "साहेब, एका घरासाठी कशाला? बाकी सगळ्यांनी चांगलं म्हटलंय."

"बाकीच्या घरांत आपण कुणाला विचारलं?"

"ज्या स्वयंपाक करतात त्यांना."

"आणि मोजायचं कोण?"

त्या आठवड्यात आम्ही सगळी घरं पुन्हा फिरलो. एका घरात मोजणारे होते पक्षाघाताने बसलेले आजोबा. एका घरात पाढे न येणारा मुलगा, ज्याला एवढीच मोजणी जमत होती आणि जो ती गल्लीत सगळ्यांना सांगायचा. आणि शनिवार पेठेतले 'उत्तम' म्हणणारे आमचे गृहस्थ! ते पेपरामागे बसून शिट्ट्या मोजत आणि निवृत्तीनंतर आपल्याकडे उरलेलं हेच एक खातं असं समजत. आम्ही महिन्याने विचारून गेल्यावर त्यांनी आमचा तलाठी माळ्यावर टाकून दिला होता. "उत्तम आहे," ते म्हणाले, "तिथे."

दिवाळीच्या आधी मालकांसमोर नमुना ठेवायचा दिवस आला. धाकटे मालक खूश होते, साच्यांचा खर्चसुद्धा त्यांनी काढून ठेवला होता. साहेबांनी तलाठी टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "ही वस्तू चालते. विकलीही जाईल. माझी शिफारस अशी आहे की ती आपण करू नये. घरात ज्याचं दुसरं कुठलंच काम उरलेलं नाही, त्याचं शेवटचं काम ती काढून घेते."

"पण प्रत्येक यंत्र कुणाचं तरी काम काढून घेतंच!" धाकटे मालक म्हणाले.

"भजी," साहेब सवयीने म्हणून गेले. मग गडबडून म्हणाले, "म्हणजे, खरं आहे. काढून घ्यावं. ओझं काढून घ्यावं. हे ओझं नाहीये."

थोरले मालक, म्हणजे धाकट्यांचे वडील, अशा बैठकीत सहसा डोळे मिटून बसत. त्यांनी डोळे न उघडताच मुलाला विचारलं, "आपल्या घरी कोण मोजतं रे?"

धाकटे मालक म्हणाले, "आजी."

"वस्तू राहू दे," थोरले मालक म्हणाले. साहेबांचा चेहरा उजळला. थोरले मालक पुढे म्हणाले, "आणि खोलीही राहू दे." माझाही चेहरा उजळला. ते कुठलं 'राहू दे' आहे, हे कळायला मला जिना उतरेपर्यंत वेळ लागला.

साहेब मात्र जिन्यावर नव्हते. मी पुन्हा वर आलो, तर ते परत आत गेले होते. दार उघडंच होतं. "तो मुलगा लोकांचं ऐकून घेतो," ते सांगत होते. "त्याला विक्री खात्यात घ्या."

"विक्रीला बोलणारे लागतात," धाकटे मालक म्हणाले.

"ते आहेत तुमच्याकडे. म्हणूनच म्हणतोय."

त्या दिवाळीत मी कायम झालो. वडिलांनी शाळेत पेढे वाटले. साहेब गोदामात गेले आणि तिथेच निवृत्त झाले. विक्री खात्यात मी पुढे बरा चढलो. आज कुणी मला त्याचं कारण विचारलं तर मी पदवीचं नाव सांगतो, कारण तेच सांगायची पद्धत आहे. खरं कारण हे की कुणाच्याही घरी गेलो की मी पाणी मागतो.

माझं लग्न झालं, बिऱ्हाड झालं. गुरुवार मग दर आठवड्याचे राहिले नाहीत. काकू गेल्या तेव्हा धावत गेलो, चार दिवस राहिलो, आणि पुन्हा कामाला लागलो. काही महिन्यांनी एका गुरुवारी सवडीने गेलो.

"कसे आहात, साहेब?"

"उत्तम. तसं काही अडत नाही."

मी पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत पाहिलं. त्या घरात एकही चिंधी नव्हती. गाळणीचा चिमटा नव्हता, पातेल्याचे पुठ्ठ्याचे कान नव्हते. सगळं घासून, पुसून, पालथं घालून ठेवलेलं. ओट्यावर खाणावळीचा डबा, आणि वरच्या फळीवर कुकर, त्याची शिट्टी काढून आत टाकलेली. ज्या घरात काही अडायचं, तिथे आता अडायलाही कुणी नव्हतं. साहेब पाण्याचा पेला घेऊन आले आणि मी कुठे बघतोय ते त्यांनी पाहिलं. त्यांनीच शिकवलेलं होतं, त्यांच्यापासून काय लपणार!

"साहेब, पुढच्या गुरुवारी आमच्याकडे या."

"काय काम आहे?"

"आमच्या घरी शिट्ट्या मोजायला कुणी नाही. फार अडतंय."

साहेबांनी चष्मा कपाळावर सारला. माझ्या फायलीची नाडी पाहिली होती तसंच माझ्याकडे पाहिलं.

"तसं अडतंय, की खरंच अडतंय?"

"खरंच."

ते आले. इस्त्रीचा सदरा घालून, वेळेच्या आधी. आल्या आल्या आमच्या पोळपाटाखालचं फडकं उचलून पाहिलं, हिला दोन प्रश्न विचारले आणि मग पेपर घेऊन खुर्चीत बसले. मी समोर. हिने कुकर लावला आणि कपडे वाळत घालायला गॅलरीत गेली. एक शिट्टी झाली. काही वेळाने दुसरी. साहेब पेपराच्या वर, समोरच्या भिंतीकडे, कुठेतरी लांब बघत होते.

"अहो साहेब," गॅलरीतून हिने विचारलं, "किती झाल्या?"

साहेब दचकले. क्षणभर त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"तीन!" ते म्हणाले.

ही हात पुसत आत आली. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. तिने गॅस बंद केला.

भात कच्चा होता. साहेबांनी दोनदा घेतला.